हिंगोलीची बोली

ऑफिसात जाहीर करून बघा, 'मी हिंगोलीला चाललेय.' पहिला प्रश्न येतो, 'कुणाचं लग्न?' दुसरा, 'ते नांदेडच्या तिकडे ना?' तिसरा प्रश्न येतच नाही, कारण तोवर समोरच्याचा इंटरेस्ट संपलेला असतो. गोवा, गोकर्ण, गेलाबाजार ताम्हिणी करणाऱ्या आपल्या पिढीच्या नकाशात हिंगोली नावाचा ठिपकाच नाही! आणि गंमत म्हणजे हा जिल्हा आपल्याच पिढीचा आहे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके, एक ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचं नरसी आणि जिकडे बघाल तिकडे हळद.

जाणंही आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. मुंबई-जालना जनशताब्दी २०२४ पासून थेट हिंगोलीपर्यंत जाते. दुपारी सीएसएमटीला बसायचं आणि रात्री उतरायचं. स्टेशनच्या पाटीवर नाव दिसतं, 'हिंगोली डेक्कन'. एखाद्या बुटीक हॉटेलला शोभेल असं! निजामाच्या राज्यात इथे फौजेची छावणी होती. आता छावणी नाही, निजाम नाही, पण 'डेक्कन' आहे.

मी गेले ती एका लिलावासाठी. १६ डिसेंबर २०२५ ला, मंगळवारी, अबू धाबीत आयपीएलचं मिनी ऑक्शन होतं. तुम्ही म्हणाल, अबू धाबीतल्या ऑक्शनसाठी हिंगोलीला कशाला? त्याचं असं आहे की, क्रिकेट नसतानाचं हे क्रिकेट आपण पुण्यात कॅन्टीनमध्ये बसून चघळतो आणि त्याची भाषा थेट एचआरची असते. अमक्याला रिटेन केलं, तमक्याला रिलीज केलं, पॅकेज फुगलं, बेंचवर बसवलं. हिंगोलीत मात्र लिलाव हा रोजच्या पोटापाण्याचा मामला आहे. इथली माणसं वर्षानुवर्षं बोली ऐकत, बोली लावत आलीत. त्यांना हा टीव्हीवरचा लिलाव कसा दिसत असेल, एवढंच बघायचं होतं.

सकाळी संत नामदेवांच्या नावाच्या मार्केट यार्डात गेले. डिसेंबर हा हळदीचाही ऑफ-सीझनच. जूनमध्ये लागवड, जानेवारीनंतर काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. म्हणजे नवा माल यार्डात यायला अजून अवकाश होता. जी काही पोती होती ती गेल्या हंगामातली. भाव चढेल म्हणून कुणीतरी घरात थप्पी मारून ठेवलेली आणि आता पैशांची नड लागली म्हणून आणलेली. तरीही हवेत तो वास होताच. जीन्सवर, बॅगेवर, नखांत पिवळी पूड बसली ती पुण्यात येऊन दोनदा धुतल्यावर गेली.

इथे लिलावाला 'बीट' म्हणतात. ढिगाभोवती व्यापारी गोळा होतात. एकजण हळकुंड उचलतो आणि मोडतो. टक्क असा कोरडा आवाज आला की माल नीट वाळलेला. मग आतला रंग बघायचा. पुकारा सुरू होतो, आकडे शंभर-शंभराने, कधी नुसते पन्नासने सरकतात आणि दोन-तीन मिनिटांत विषय संपतो. नऊ महिन्यांचं पीक, दोन मिनिटांची बोली. ज्याचा माल असतो तो बाजूला हात मागे बांधून उभा. त्याला बोलायला काही वावच नसतो.

दुपारी अडीचला ऑक्शन सुरू होणार होतं. यार्डाच्या गेटसमोरच्या टपरीवर त्या दिवशी दोनच विषय चालू होते. एक, नगरपरिषदेचं मतदान २ तारखेला होऊन गेलेलं आणि मोजणी २१ ला, त्यामुळे मशिनं अजून बंद. दुसरा, चेन्नईने जडेजा सोडलाच कसा? पहिल्या विषयावर लोक दबक्या आवाजात बोलत होते. दुसऱ्यावर मात्र फुल्ल व्हॉल्यूम!

आवाज सगळ्यात मोठा होता मुनीम काकांचा. एका अडत दुकानात हिशेब बघतात, पन्नाशीचे आहेत आणि धोनीमुळे चेन्नईचे झालेत. त्यांची मुलगी वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करते. ती पक्की मुंबईकर. म्हणजे मुंबई इंडियन्सवाली. प्रत्यक्ष मुंबई तिने एका परीक्षेपुरती पाहिलीय. तिसरा होता हिंजवडीत नोकरी करणारा आणि त्या आठवड्यात घरून काम करणारा एक आयटीवाला. तो बेंगळुरूचा फॅन. २०२५ मध्ये त्यांनी अठरा वर्षांनी कप जिंकला, तेव्हापासून म्हणे तो जरा मान वर करून चहा पितो. आणि चौथे औंढा तालुक्यातले एक शेतकरी. त्यांना सगळे मामा म्हणत होते, म्हणून मीही मामाच म्हणाले. मामांची कुठलीच टीम नव्हती.

मोबाइल बरणीला टेकवून ठेवला गेला. हातोडा हातात घेतलेली मल्लिका सागर दिसली. मुंबईची, मूळची चित्रांच्या लिलावातली. 'आपल्या यार्डात बाई पुकारा करायली असं कधी बघितलंय का?' मुलीने विचारलं. काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

कॅमरून ग्रीनचं नाव निघालं आणि आकडा चढत चढत पंचवीस कोटी वीस लाखांवर थांबला. कोलकात्याने घेतला. आयपीएलमध्ये परदेशी खेळाडूला एवढी रक्कम आधी कधी मिळाली नव्हती. पण मिनी ऑक्शनच्या नियमाप्रमाणे परदेशी खेळाडूच्या हातात जास्तीत जास्त अठरा कोटी पडतात, वरचे बोर्डाकडे जातात, खेळाडूंच्या कल्याणासाठी. आयटीवाल्याने हे समजावून सांगितल्यावर काकांच्या डोळ्यात चमक आली.

'म्हणजे सात कोटी वीस लाख अडत!'

'काका, अडत नाही ती.'

'मग हमाली, तोलाई काय म्हणायचं ते म्हणा. माल विकला पंचवीस वीसला आन पट्टी आली अठराची. हे आम्हाला शिकवू नका.'

टपरी हसली. मामा मात्र हसले नाहीत. 'पट्टी तरी लगेच येते त्याची,' एवढंच म्हणाले.

वेंकटेश अय्यरच्या वेळी मजा आली. २०२४ च्या मेगा ऑक्शनमध्ये कोलकात्याने त्याला पावणेचोवीस कोटींना घेतलं होतं. तोच माणूस या वेळी बेंगळुरूला सात कोटींना मिळाला. पुण्याच्या कॅन्टीनमध्ये यावर पहिली कमेंट 'बिचारा' अशी आली असती. इथे कुणी बिचारा म्हणालं नाही. 'गेल्या साली तेजीत घेतला होता,' काकांनी निकाल दिला. 'माल तोच हाय. भाव तेव्हाचा चुकीचा होता का आत्ताचा, ते मे महिन्यात कळंल.' ज्या गावाने हळद चढताना आणि कोसळताना डोळ्यांनी पाहिलीय त्या गावाला पावणेचोवीसचे सात झाले यात धक्का बसण्यासारखं काही वाटलं नाही.

मग मथीशा पथिराना. चेन्नईने त्याला तेरा कोटींना ठेवला होता, नोव्हेंबरमध्ये सोडला आणि आता कोलकात्याने अठराला उचलला. काका कासावीस! आपल्याच गोदामातला माल आपण काढला आणि महिन्याभरात दुसऱ्याने पाच कोटी जास्त देऊन नेला, हे दुःख कुठल्याही व्यापाऱ्याला कळेल. त्यात जडेजाची जखम ताजी. २०१२ साली आलेला माणूस, २०२३ ची फायनल शेवटच्या दोन चेंडूंवर एक सिक्स आणि एक फोर मारून काढून दिलेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅम करनसकट त्याला राजस्थानला देऊन टाकलं आणि संजू सॅमसनला आणलं. जडेजाचा भावही अठरावरून चौदा कोटींवर आला.

'संजू एकतीस वर्षांचा हाय, जडेजा सदतीसचा,' मुलगी म्हणाली. 'पप्पा, तुमच्या दुकानात असता तर तुम्ही काय केलं असतं?'

'दुकानात असता तर इकला असता,' काका म्हणाले. 'पण हे दुकान न्हाई ना.'

तिने ओठ दाबून हसू आवरलं. मला वाटतं, त्या दुपारी सगळ्यात खरं वाक्य हेच होतं. कारण त्यानंतर पाचच मिनिटांत त्यांनी पुन्हा दुकानदारीच्याच भाषेत चेन्नईची बाजू लढवायला सुरुवात केली.

निमित्त होतं दोन पोरांचं. उत्तर प्रदेशचा प्रशांत वीर, वय वीस. राजस्थानचा कार्तिक शर्मा, वय एकोणीस. दोघांची बेस प्राइस तीस लाख. आणि दोघेही चेन्नईने घेतले चौदा कोटी वीस लाखांना, प्रत्येकी! भारताकडून एकही सामना न खेळलेल्या खेळाडूला एवढे पैसे आयपीएलमध्ये कधीच मिळाले नव्हते. चेन्नईकडे ४३ कोटी ४० लाख होते, त्यातले २८ कोटी ४० लाख या दोघांत गेले. आणि ही तीच टीम, जिला एकेकाळी म्हाताऱ्यांची फौज म्हणून चिडवायचे!

आयटीवाला उसळला. 'काय लॉजिक आहे यात? फ्रेशरला सीनिअर मॅनेजरचं पॅकेज?'

'२०२५ ला दहावे आलो आम्ही. तळाला पहिल्यांदाच गेलो. जुनं बेणं किती दिवस लावायचं?' काका म्हणाले. 'बदलावंच लागतं.'

'बदला ना, पण चौदाला? पाचला आला असता.'

'पाचला यायला समोरचा गप बसावा लागतो. दोघं अडून बसले की बीट कुठं जातं ते तू कधी बघितलंय का? सकाळी ये. दाखवतो.'

यावर हिंजवडीकडे उत्तर नव्हतं. मला मात्र आयटीवाल्याचं म्हणणं पटलं होतं आणि अजूनही पटतं. दोन कोवळ्या पोरांच्या मानेवर चौदा-चौदा कोटींचं ओझं ठेवणं हा जुगारच आहे. पण त्या टपरीवर मी मायनॉरिटीत होते.

आता मुंबई. मुंबईकडे त्या दिवशी सगळ्यात कमी पैसे होते, फक्त दोन कोटी पंचाहत्तर लाख. मुलीला यावरून सकाळपासून चिडवणं चालू होतं. पर्स नव्हे, बटवा! पण अभ्यासिकेतली पोरगी ती, वहीच उघडली. बुमराह १८, सूर्या आणि हार्दिक १६.३५, रोहित १६.३०, तिलक ८. पाच जणांचे बरोबर पंचाहत्तर कोटी. '१२५ मधले ७५ पाच जणांवर. बाकीची टीम उरलेल्यात बसवायची. ज्याचं घर भरलेलं हाय त्यानं बाजारात कामून गर्दी करायची?' शार्दूल ठाकूरला लखनौकडून दोन कोटींत ट्रेड करून आधीच आणलं होतं. पालघरचा पोरगा घरी आला. मग क्विंटन डी कॉक, तीन मोसम मुंबईकडून खेळलेला, एक कोटीच्या बेस प्राइसला मिळाला. ती जागेवरच टुणकन उडाली.

तिची खरी दुखरी नस वेगळीच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये रोहितची कॅप्टन्सी काढून हार्दिकला दिली तेव्हा तिने मुंबईचं अॅपच मोबाइलमधून काढून टाकलं होतं. पाच कप आणून दिलेला माणूस! २०२४ मध्ये मुंबई शेवटची आली तेव्हा तिला वाईट वाटलं की बरं, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही. आणि २०२५ मध्ये क्वालिफायरला मुंबईला हरवलं कुणी? पंजाबच्या श्रेयस अय्यरने, नाबाद ८७. मुंबईचाच मुलगा, पण मुंबई इंडियन्सने कधी घेतलाच नाही. 'आपली टीम म्हणजे नक्की कुणाची टीम, ताई?' तिने मला विचारलं. 'मालक विचारून ठरवतात का आपल्याला? आमच्या औंढ्याला देऊळ फिरलं म्हणतात भक्तासाठी. ह्यांचा लिलावाचा कागद तरी फिरंल का कधी?'

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी : औंढा नागनाथला संत नामदेव कीर्तनाला उभे राहिले, त्यांना मागे जायला सांगितलं, ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी आख्यायिका आहे. नंदी पाठीमागे राहिला तो म्हणे त्यामुळेच.

मामा इतका वेळ गप्प होते. ते बोलले राजवर्धन हंगरगेकरवर. तुळजापूरचा फास्ट बोलर, अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कप जिंकून आलेला. २०२२ मध्ये चेन्नईने दीड कोटीला घेतला, वर्षभर बसवला. २०२३ च्या पहिल्याच मॅचला उतरवला, त्याने गुजरातच्या तीन विकेट काढल्या. त्या मोसमात एकूण दोन मॅच मिळाल्या. पुढे २०२४ च्या लिलावात लखनौकडे गेला, तीस लाखांना. 'दीड कोटीचं तीस लाख. आन त्या पोरानं मधे वाईट काय केलं? खेळूच दिलं न्हाई,' मामा म्हणाले. त्यांनी जालन्याचा विजय झोलही काढला. २०११ मध्ये अंडर-नाइन्टीनला आसामविरुद्ध नाबाद ४५१, नंतर भारताच्या ज्युनिअर टीमचा कॅप्टन. बेंगळुरूने घेतलं होतं. 'आपल्याकडचं पोरगं बाजारात जातं तवा त्याची बाजू घेणारं कुणी न्हाई बगा.'

मराठवाड्याला स्वतःची आयपीएल टीम नाही, हे उघडच आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमिअर लीग आली, तिच्यात छत्रपती संभाजी किंग्ज म्हणून टीम होती, हंगरगेकर तिचाच आयकॉन होता. पण सामने गहुंज्याला, पुण्यात! हिंगोलीच्या पोराने आपल्या विभागाची टीम बघायला एक रात्र बसमध्ये काढायची. त्यापेक्षा मग मुंबई काय, चेन्नई काय, मोबाइलवर सगळं सारख्याच अंतरावर.

संध्याकाळ झाली, यार्ड बंद झालं, पण टपरी चालू. पृथ्वी शॉचं नाव आधी निघालं तेव्हा कुणीच हात वर केला नाही. शेवटी शेवटी पुन्हा आलं आणि दिल्लीने पंचाहत्तर लाखांत घेतलं. मुंबईने शेवटच्या पैशांत तीस-तीस लाखांची पोरं उचलली, त्यात एक विदर्भाचा दानिश मालेवार. रणजीच्या फायनलला केरळविरुद्ध दीडशेच्या वर मारलेला. 'हा आपल्या शेजारचा,' मामा म्हणाले आणि पहिल्यांदाच मोबाइल जवळ ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयटीवाल्याच्या गाडीतून औंढ्याला निघालो. मामांच्या शेतावर जेवायचं ठरलं होतं. वाटेत त्याने दुधाळ्याकडे बोट दाखवलं. लायगो प्रयोगशाळा होतेय ती इथे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, विश्वातल्या टकरींतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपायला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. गाडी चालवता चालवता त्याने हिशेब घातला. दहा टीम, प्रत्येकी १२५ कोटींची पर्स, म्हणजे एका मोसमाचे १,२५० कोटी. 'दोन मोसमांचे खेळाडू म्हणजे एक लायगो!' मला विचाराल तर दोन्ही महाग नाहीत. पण हिंगोली जिल्ह्यात बसून हे आकडे ऐकताना डोकं जरा गरगरतंच.

औंढ्याचं देऊळ सुंदर आहे, थंड काळा दगड, कोरीव काम, आणि गाभाऱ्यात उतरताना तुमची एसी ऑफिसची पाठ व्यवस्थित वाकते. गर्दी टाळायची तर सोमवार आणि श्रावण सोडून जा.

मामांची हळद कमरेएवढी, पानं कडेने पिवळी पडू लागलेली. दोन जागी मात्र मोकळे पट्टे. सप्टेंबर २०२५ च्या पावसात तिथे पाणी साचून राहिलं होतं. मामांनी एक गड्डा उपटला, धुतला, मोडला. आत मऊ, तपकिरी. 'कंदकूज.' चार पावलांवर दुसरा उपटला. तो आतून गर्द नारिंगी, करकरीत. एकाच रानातले दोघे.

'त्या पोरांना तीस लाखांच्या खाली कुणी बोलत न्हाई ना?' त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं, ती कमीत कमी बेस प्राइसच आहे. 'ह्याला तेवढीबी न्हाई,' म्हणाले आणि गड्डा माझ्या हातात दिला. खरंच आहे. केंद्र सरकार ज्या पिकांना हमीभाव जाहीर करतं त्यांत हळद नाही. ढीग ओतायचा आणि पहिला व्यापारी काय बोलतो ते ऐकायचं.

जेवताना मात्र पुन्हा रिटेन्शन निघालं. हळदीत काढणीच्या वेळी मधले जाड गड्डे, ज्यांना जेठे गड्डे म्हणतात, ते पुढच्या लागवडीसाठी बाजूला ठेवतात. एकरी दहाएक क्विंटल बेणं लागतं. जेवढं राखाल तेवढं विकायला कमी, आणि कमी राखलं तर जूनमध्ये दुसऱ्याकडून विकत घ्यायचं, तो म्हणेल त्या भावाने. मामांची तीन एकर हळद. एक एकर कमी करून तिथे ऊस लावावा असं मुलाचं म्हणणं. मामांना ते पटत नव्हतं, पण यंदाच्या पावसानंतर मुलाला खोडून काढायलाही त्यांच्याकडे काही नव्हतं.

'मग किती एकराचं राखणार?' मी विचारलं.

'काढणी होऊ द्या. फेब्रुवारीत वजन कळंल, मार्चमधी भाव कळंल. तवा बघू.' त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि मोटारीची लाइट थोडाच वेळ राहणार होती. बांधावरून चार पावलं गेल्यावर वळून ओरडले, 'ताई, ते विदर्भाचं पोरगं! मुंबईनं खेळवलं तर फोन करा!'